पंजाभर शेंदूर

“तू जा आधी वर,” भुजंगमामा म्हणला.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं अन् ब्रश डब्यात बुडवला. आमच्या दोघांच्या मधात पुलाचा गर्डर, दाराएवढा उंच. गर्डरच्या या अंगाला मी लटकलेलो, त्या अंगाला तो, अन् खाली पैनगंगा. गर्डरला मधी मधी मुठीएवढी भोकं होती. त्यातून त्याचा आवाज यायचा, बिडीचा धूर यायचा. वाकून बघितलं तर गर्डरच्या खालून त्याचे पाय दिसायचे. तोंड काही दिसायचं नाही.

“कान गेले का रे सटवा? जा म्हणलं ना.”

“मामा, मोठा तू. आधी जायची रीत तुझी हाय.”

“रीत गेली खड्ड्यात. भूक लागली असंल तुला. जा.”

तुम्ही धारखेडहून निंबोळ्याला हायवेनं जाता तवा हा पूल गाडीत बसून पार करता. खडखड वाजतं, कुणी नदीला हात जोडतं, कुणी खिडकीतून नाणं फेकतं, तेवढ्यात पूल संपतो. सडकेच्या खाली किती लोखंड आहे ते तुम्हाला दिसत नाही. त्या लोखंडाला गंज खातो. आम्ही तो लोखंडी उलथन्यानं खरवडायचो, वर शेंदूर मारायचो अन् शेंदरावर चांदी. शेंदूर म्हणजे आतला लाल रंग, गंज धरून ठेवतो तो. चांदी म्हणजे वरचा, तुम्हाला लांबून चमकताना दिसतो तो.

आता यंत्रं आली, पिंजरे आले. आमच्या टायमाला एक दोरी. ती गर्डरवरून टाकायची, दोन टोकांना दोन फळ्या, दोन फळ्यांवर दोन माणसं. त्याच्या वजनानं मी वर, माझ्या वजनानं तो वर. एकानं फळी सोडली की दुसरा गेला. म्हणून जेवायला वर जायचं तर आधी एकानं चढायचं, आपलं टोक वर कठड्याच्या खांबाला करकचून बांधायचं अन् हाक द्यायची, “बांधलं!” ती हाक आली की मग दुसऱ्यानं हलायचं. बांधायचा मान जोडीतल्या मोठ्याचा. लहानानं मोठ्याच्या गाठीवर भरोसा ठेवायचा. आमच्यातली रीत होती ती.

भुजंगमामानं ती रीत का मोडली, हे पुलावरच्या प्रत्येकाला ठाव होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

त्याचा जोडीदार म्हणजे त्याचा पोरगा होता, माधव. एकुलता एक. मागच्या हंगामात मधल्या खांबापाशी दोघं लटकले होते. दुपारी भुजंगमामा आधी चढला, गाठ मारली, “बांधलं!” म्हणून हाक दिली. हाताला रंगात घालायचं अळशीचं तेल होतं म्हणतात, दोरीला लागलं असंल. गाठ सरकली. माधव खाली खडकावर गेला. नदीला तवा पाणी कमी होतं.

गयाबाई, माधवची आई, रडली नाही, भांडली नाही. तेरावं झालं तशी भावाकडं निघून गेली. जाताना भुजंगमामाला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो एकदा भोकातून म्हणला होता.

नवा हंगाम लागला तवा त्याच्यासंगं दोरीला बसायला कुणी तयार होईना. माझा जोडीदार पुण्याला निघून गेलेला, मी एकटा पडलेलो. अजीजभाई मुकादम म्हणला, “सटवा, एक तर भुजंग, नाही तर घर. सोच ले.”

पहिल्या दिवशी कामावरून घरी आलो तर बायको, चंद्रकला, म्हणली, “त्या माणसाच्या हातानं तुमी गाठ बांधून घेणार?”

मी म्हणलं, “अगं, तो बांधतच नाही. तो मलाच वर धाडतो.”

असं होतं बघा. पहिल्या दिवसापासून त्यानं मला आधी वर धाडलं. मी बांधायचो, हाक द्यायचो, मग तो यायचा. सगळ्यांनी म्हणलं, बिचाऱ्याचा आपल्या हातावरचा भरोसा उडाला. मलाबी तसंच वाटलं. खरं सांगू, जरा बरंबी वाटलं. एवढा जुना गडी, अन् माझ्या गाठीवर बसतो.

एकच गोष्ट होती. माझी हाक गेली की तो लगेच यायचा नाही. मी वर चालायच्या लोखंडी जाळीवर भाकरी सोडून बसायचो, पाण्याचा गडवा उघडायचो, पार कांदा फोडून व्हायचा, तरी खाली गप्प.

“मामा! झोपला का काय?”

“येतो, येतो. नदी बघतोय.”

“रोजच बघतो की.”

“रोज वेगळी असते.”

मग यायचा. भाकरी खायचा. माझ्या पोरींचं विचारायचा, धाकटी चालायला लागली का, मोठीचे दात पडले का. अजीजभाईची नक्कल करून दाखवायचा. हसवायचा लई. त्या दिवसात त्याच्याएवढं मला कुणी हसवलं नसंल. बिडी ओढत म्हणायचा, “सटवा, आपण दोघं म्हणजे तराजू. पण तू खातो लई, मी रोज वर वर चाललोय.”

तर त्या दिवशी तो म्हणला, तू जा आधी वर. मी डबा अडकवला, ब्रश पुसला अन् चढायला लागणार तेवढ्यात भोकातून त्याचा हात आला. हातात बिडीचं बंडल अन् काडीपेटी.

“हे घेऊन जा वर.”

“काहून? तू येतोच हाय ना?”

“खिशात घामानं ओलं होतं. घे.”

मी घेतलं. परत हात आला. आता गमछा होता, लाल चौकडीचा. घडी घातलेली, बाजारातून नवीन आणल्यासारखी.

“हाबी घे. भिजलाय. वर वाळत टाक.”

तो गमछा मी हातात घेतला. कोरडा ठणठणीत होता. अन् मग वर टाकलेला पाय मी परत खाली घेतला. कारण त्या गमछानं तो स्वतःला दोरीला बांधून घ्यायचा. फळीवर बसलेला माणूस चक्कर येऊन पडू नये म्हणून कंबर दोरीला बांधायची असते. तो त्यानं सोडला होता, अन् घडी घालून माझ्या हातात दिला होता.

मी तसाच बसून राहिलो. खाली बघितलं तर त्याचे पाय दिसत होते, शांत, जरासुद्धा हलत नव्हते. अन् मला सगळं एकदम कळलं. तो मला वर का धाडत होता ते. मी खाली असेपर्यंत त्याला फळी सोडता येत नव्हती. तो गेला तर मी गेलो. पण मी वर जाऊन टोक बांधलं, की खाली तो मोकळा. मग त्यानं काय बी केलं तरी माझ्या केसाला धक्का नाही. म्हणून मी हाक दिली की तो नदी बघत बसायचा. रोज बसायचा. अन् रोज काय मनात यायचं कोण जाणे, परत वर यायचा.

“गेलास का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“जा.”

“मी नाही जात वर.”

वरून एक ट्रक गेला, सगळा पूल थरथरला, शेंदराचे पापुद्रे आमच्या डोक्यावर पडले.

“सटवा, भाकरी वाळून चालली.”

“वाळू दे.”

“तुला काय वाटलं रे?”

“जे हाय तेच वाटलं.”

मग तो हळू म्हणला, “हुशार झालास की.”

“मामा, तू जा आधी. तू बांध.”

“माझ्या गाठीवर बसशील?”

“बसंन.”

“माधवबी बसला होता.”

“ठाव हाय मला.”

“बांधलं म्हणून मीच हाक दिली. त्यानं वर बघितलं नाही की विचारलं नाही. बापानं बांधलं म्हणजे बांधलं. हसत होता रे तो. काही तरी सांगत होता मला, बाजारातलं. त्याचं बोलणं अर्ध्यात राहिलं. मी अजून वाट बघतो, पुढं काय सांगणार होता ते ऐकायची.”

मी शिकलेला माणूस नाही. मी म्हणलं, “मामा, हे बघ. मी काही इथून हलत नाही. दुपार होऊ दे, सांज होऊ दे. तुला जायचंच असंल तर मला घेऊन जावं लागंल. ठरव काय ते.”

“हरामखोरा!” तो ओरडला. एवढा ओरडला की पुलाखालची कबुतरं उडाली. “पोरी हाय तुला! बायको हाय!”

“हाय ना. म्हणूनच सांगतो. बांध वर जाऊन.”

वरून अजीजभाईचं डोकं डोकावलं. “क्या रे, काय लावलं? खाना नदीत खाणार का दोघं?”

“येतो, अजीजभाई,” मी म्हणलं. “मामा आधी येतोय.”

अजीजभाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गर्डरच्या त्या अंगाला बघितलं, अन् डोकं मागं घेतलं. जाळीवर तिथंच बसून राहिला असणार, कारण त्याच्या चपला वाजल्या नाहीत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझ्या मांड्या बधिर झाल्या होत्या. मग गमछासाठी त्याचा हात भोकातून आला. मी गमछा दिला. दोरी हलली. तो चढायला लागला होता. त्याचं धापा टाकणं, लोखंडाला पाय घासणं, सगळं ऐकू येत होतं. मग वर गाठ मारायचा आवाज. एक गाठ, परत एक, परत एक. थांबेचना. शेवटी आवाज आला. फाटलेला होता आवाज.

“बांधलं.”

आता सांगतो, त्या वेळेला मीबी भ्यालो. म्हणायला सोपं असतं. डोळे मिटले, चंद्रकलेचं नाव घेतलं अन् दोरीवर सगळा भार टाकला. दोरी हलली नाही. वर गेलो तर भुजंगमामा त्या गाठीला दोन्ही हातांनी धरून बसला होता. हाताच्या शिरा अशा फुगलेल्या. गाठीवर गाठी, गाठीवर गाठी, मडक्याएवढा गोळा झाला होता. जेवण झाल्यावर ती सोडवायला लोखंडी सळई घालावी लागली.

“कसली गाठ मारली म्हणायची ही!” अजीजभाई म्हणला. “दोर बापाचा आहे का तुझ्या?”

तसे आम्ही तिघंबी हसलो. भुजंगमामा हसता हसता तोंड गमछात घालून बसला.

त्या दिवसापासून रीत जागेवर आली. रोज तो आधी जायचा, बांधायचा, हाक द्यायचा. मी त्याच्या गाठीवर चढायचो. गाठी कमी कमी होत गेल्या. शेवटी शेवटी साधी, नीटनेटकी एक गाठ मारायला लागला, पहिल्यासारखी. मला वाटलं, माणूस वळला.

पण एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. जोवर दोरी आहे तोवर तो माझ्या वजनाला बांधलेला. पूल संपला की? पुलाचं काम निंबोळ्याच्या बाजूला सरकत चाललं होतं. थोडे गर्डर उरले होते. त्याच्या पुढं मला त्याला धरून ठेवायला काहीच नव्हतं.

मग मी एक उद्योग सुरू केला. चांगला रंग खरवडायला लागलो. आदल्या दिवशी मारलेली चांदी दुसऱ्या दिवशी खरवडायची, वर परत शेंदूर. अजीजभाई एकदा खाली वाकून बघत राहिला.

“सटवा, इथं गंज होता?”

“आतून होता, अजीजभाई.”

“आतून?”

“आतून लई खाल्लंय.”

अजीजभाईनं भुजंगमामाच्या अंगाकडं बघितलं. “ठीक आहे,” म्हणला. “नीट काढ. पण साहेब माझं डोकं खातो, एवढं ध्यानात ठेव.”

एके दिवशी भोकातून भुजंगमामा म्हणला, “सटवा, चांगला रंग खरवडायचा आवाज वेगळा येतो.”

मी खरवडत राहिलो.

“किती दिवस खरवडशील?”

“जमंल तेवढे.”

“येडा हायेस.” मग जरा थांबून म्हणला, “धाकटी चालायला लागली का?”

“लागली. पडते अजून.”

“पडू दे. बोट धरू नको. पडूनच शिकत असतेत.”

असं करून करून मी काम किती ताणलं असंल? पण सगळा पूल काही एकट्याला खरवडता येत नाही. वरून साहेबाची माणसं आली, अजीजभाईला सगळ्यांसमोर बोलली. तेव्हा मला उलथनं खाली ठेवावं लागलं.

शेवटच्या दिवशी आम्ही निंबोळ्याच्या काठावरच्या खांबाला होतो. खाली नदी नाही, जमीन. बाभळी. दोरीची गरजच नव्हती, शिडी लावून काम. मीबी निवांत होतो.

आमच्यात एक आहे. पूल पुरा रंगवायचा नसतो. शेवटच्या खांबावर पंजाएवढी जागा चांदी न मारता सोडायची, नुसता शेंदूर. पूल पुरा झाला तर तो आपल्याला सोडून देतो. थोडा राहिला तर पुढच्या खेपेला परत बोलावतो, असं आम्ही मानतो. हा पंजा सोडायचा मान सगळ्यात जुन्या गड्याचा. मग नारळ फोडायचा, गूळखोबरं वाटायचं, काम बंद.

भुजंगमामा म्हणला, “तुम्ही सावलीला चला, चूल पेटवा. मी पंजा सोडून येतो.”

आला तो थोड्या वेळानं. हात रॉकेलनं धुतलेले, केस पाण्यानं बसवलेले. गूळ खाल्ला. अजीजभाईची नक्कल केली, अजीजभाईच्याच समोर. अजीजभाई एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग भुजंगमामानं दोरीची वेटोळी माझ्या पुढ्यात ठेवली.

“या खेपेला दोरी तू ने घरी.”

दोरी मोठ्याच्या घरी राहते. मला मान वाटला. मी म्हणलं, “मामा, पुढच्या हंगामाला घेऊन येतो मग.”

“नीट वाळवून ठेव. उंदीर लागू देऊ नको.”

“जेवून जा ना.”

“घरी जातो. दार उघडून हवा लागू द्यायची हाय घराला. मी पुलावरच झोपतो, ते बंदच राहतं.” त्याचं घर निंबोळ्यातच होतं, काठापासून हाकेवर. तो चढण चढून सडकेला लागला. चढताना गमछा झटकून खांद्यावर टाकला. मागं बघितलं नाही.

अजीजभाई नारळाची शेंडी घेऊन उठला. स्वतः मुसलमान, पण दरवर्षी त्या पंजापाशी शेंडी ठेवायला तोच जायचा, दुसऱ्याला जाऊ द्यायचा नाही. तो खांबाला फिरून आला. परत फिरून आला.

“सटवा,” म्हणला, “पंजा किधर हाय? सगळी चांदीच दिसते.”

मी उठून गेलो. खांबाच्या या अंगाला बघितलं, त्या अंगाला बघितलं. शिडीच्या वर, हाताच्या उंचीवर, जिथं दरवर्षी सोडतात तिथं बोट लावलं. बोट चांदीचं झालं. ओला होता रंग. नीट, सरळ हात मारलेला, कडा जुळवलेल्या. खालचा शेंदूर कुठं डोकावत नव्हता.

मी पळालो. चढण चढलो अन् निंबोळ्याकडं पळालो, त्याच्या घराकडं. तो घरी जातो म्हणला होता ना. दाराला कुलूप, तसंच, गंजलेलं. शेजारची बाई ओटीवर तांदूळ निवडत होती. म्हणली, “भुजंगा? कवाचा दिसला नाही. कामावर असंल ना पुलाच्या?”

तेवढ्यात पुलाकडून आरडा ऐकू आला. गाड्या थांबल्याचे भोंगे. तो चढण चढून गावाकडं वळलाच नव्हता. पुलावर वळला होता. मधल्या खांबापाशी गेला, माधव गेला तिथं. गमछा घडी घालून कठड्यावर ठेवला होता.

मी पळालो गावाकडं, अन् तो गेला पुलाकडं.

भोयांनी नावेतून काढला त्याला. मधल्या खडकापाशीच होता. गयाबाईला निरोप गेला, ती भावासंगं आली. गर्दीतून सरळ माझ्याकडं आली. मी कोण ते तिला कुणी सांगितलं असंल. तिचे डोळे कोरडे होते.

“तुमीच का त्यांच्या दोरीला होता?”

“हो, मावशी.”

“गाठ कोण बांधायचं?”

“मामाच बांधायचा.”

ती माझ्याकडं बघत राहिली. “अन् सुटली नाही कधी?”

“एकदाबी नाही. रोज चढलो मी तिच्यावर. अंगठ्याएवढीसुद्धा सरकली नाही.”

तेव्हा ती खाली बसली. वाळूतच बसली अन् दोन्ही हातांनी वाळू मुठीत धरून ओरडायला लागली, “मग मला का नाही सांगितलं हो? मी आले असते की! मी आले असते!” तिचा भाऊ तिला उठवत होता, ती उठेना. तिला निरोप धाडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याला दोरीनं धरायला बघत होतो. दोरीच्या पलीकडं काही असंल असं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उलथनं घेतलं अन् निंबोळ्याच्या काठावर गेलो. काम संपलं होतं, शिडी जाणार होती. मी चढलो अन् त्या पंजाच्या जागेची चांदी खरवडायला लागलो. चांगली वाळली होती. त्यानं तेल मोजून घातलं होतं, पक्की धरली होती. निघता निघेना. खरवडत गेलो तसा खाली शेंदूर दिसायला लागला, आधी नखाएवढा, मग रुपयाएवढा.

खाली अजीजभाई येऊन उभा राहिला.

“सटवा, काय करतो?”

“काम राहिलंय थोडं,” मी म्हणलं.

अजीजभाईनं शिडीचा पाय दोन्ही हातांनी दाबून धरला.